जुन्या बॉक्स्टरचे ब्रेक गोव्यातच झाले आणि मस्त झाले: फोंड्याकडच्या एका गॅरेजचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. माझ्या पोर्शे बॉक्स्टरच्या चारही डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) नवीन, चारही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडून साफ करून नवीन सील टाकून परत बसवले, पॅड नवीन, ब्रेक ऑइल नवीन, आणि हे सगळं काम गोव्यात झालं, फोंड्याच्या जरा अलीकडे एका छोट्याशा गॅरेजमध्ये. पाचात पाच. पोर्शे, बीएमडब्ल्यू झेड-फोर, मर्सिडीज एसएलके असली जुनी गाडी इथे ठेवणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी ऐकवलेलं असतं की बाबा ब्रेकचं काम निघालं की गाडी ट्रेलरवर घाल आणि मुंबईला नाहीतर बेंगळुरूला पाठव. काही गरज नाही. माणूस नीट असला, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) आणि मायक्रोमीटर (जाडी अचूक मोजायचं साधन) वापरणारा असला आणि मुख्य म्हणजे घाई न करणारा असला की हे काम इथे होतं, आणि इथल्या माणसाला इथल्या हवेने ब्रेकचं काय होतं ते जास्त चांगलं माहीत असतं.

गॅरेजचं नाव आणि नंबर टाकत नाही कारण मेस्तने, म्हणजे तिथल्या मेकॅनिकने, स्वतःच तसं सांगितलंय. एका वेळी अशी एकच गाडी तो उघडतो आणि फोनवर फोन यायला लागले की हातातलं काम बिघडतं असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्याचं काम बघितल्यावर मला ते शंभर टक्के पटलंय. दोडामार्गकडचा माणूस, बोलणं मालवणीत, आणि बोलतो ते मोजकंच.

गाडी 2007 ची बॉक्स्टर, 987 पिढीची, साधी 2.7 लिटरवाली, जास्त ताकदीची S नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण पार्ट मागवताना इथेच लोकांचे पैसे जातात. साध्या बॉक्स्टरला पुढे 298 मिमीची 24 जाडीची डिस्क आणि मागे 299 ची 20 जाडीची, S ला पुढे 318 ची येते, कॅलिपर पण वेगळे. साधीचे कॅलिपर काळे, S चे लाल. पण जुन्या गाडीत आधीच्या कुणी हौसेने काळे कॅलिपर लाल रंगवलेले असू शकतात, म्हणून रंग बघून ऑर्डर करू नका, डिस्क मोजा नाहीतर चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा.

मी राहतो करंझाळ्याला. समुद्र चालत जाण्याइतका जवळ. पावसाळ्याचे चार महिने गाडी जवळजवळ उभीच असते, शेडमध्ये असते, कव्हर असतं, पण कव्हरने पाऊस अडतो, हवा अडत नाही. आणि आपल्याकडची हवा म्हणजे ओलावा अधिक मीठ. गाडी किती किलोमीटर फिरली यापेक्षा ती कुठे उभी होती हे ब्रेकच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे, हे या कामात मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

लक्षणं काय होती तर चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरायचं, आणि गाडी किंचित उजवीकडे ओढायची. घरी आल्यावर पुढच्या उजव्या रिमवर काळी पूड डावीपेक्षा कितीतरी जास्त, आणि चाकाजवळ वाकलं की तो जळकट वास. इन्फ्रारेड थर्मामीटर मारून बघितला तर उजवी डिस्क डावीपेक्षा चांगलीच गरम होती. आणि हे उतारावर ब्रेक दाबून आल्यावर नाही, मिरामारला साधा फेरफटका मारून आल्यावर. म्हणजे पाय काढल्यावर सुद्धा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता.

यावर दोन मतं मिळाली. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने फोनवरच सांगितलं की ह्या कॅलिपरची दुरुस्ती होत नाही, चारही नवीन घ्या, आणि जो आकडा सांगितला त्यात इथे चांगली सेकंडहँड गाडी येते. दुसरं मत जवळच्या एका गॅरेजचं, डिस्क वाकल्यात, लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून देतो, एका दिवसाचं काम. आधीच्या मालकाने एकदा तसं फेसिंग करून घेतलेलं होतंच, आणि त्यानेच डिस्क आणखी पातळ झालेली.

फोंड्याच्या मेस्तकडे गेलो तेव्हा त्याने गाडी चालवून पण बघितली नाही आधी. चाकं काढली आणि म्हणाला, "आधी मोजतंय, मगे सांगतंय." व्हर्निअर नाही हं, मायक्रोमीटर. का ते विचारल्यावर त्याने डिस्कच्या काठावर बोट फिरवायला लावलं, बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहिलेली असते, व्हर्निअर लावला की त्याचे जबडे त्या धारेवर बसतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मायक्रोमीटरचं टोक आत, जिथे पॅड घासतो तिथे बसतं. गोलाकार फिरवत आठ ठिकाणी माप घेतलं आणि खडूने तिथेच डिस्कवर आकडे लिहिले. पुढची उजवी सगळ्यात कमी 21.8. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, पुढच्यांना 22, मागच्यांना 18. म्हणजे उजवी त्या हिशेबाने संपलेली, डावी 22.3 म्हणजे संपत आलेली, आणि मागच्यांना जाडी थोडी होती पण आतल्या हवेच्या खाचांमधून गंजाचे पापुद्रे सुटत होते, टॉर्च मारून दाखवले त्याने. 987 ला कंपनीकडूनच भोकं पाडलेल्या डिस्क येतात, पुढच्या उजवीवर त्या भोकांमधून बारीक केसाएवढ्या चिरा पण निघालेल्या. फेसिंगचा विषय तिथेच संपला.

आणि एक गोष्ट त्याने नीट समजावली जी मला वाटतं सगळ्यांनी लक्षात ठेवावी. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी एका जागी कमी एका जागी जास्त झालेली असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, एकदोन शतांशाचा फरक, आणि पॅड त्या जाड जागेवरून गेला की पेडल आणि स्टेअरिंगला धक्का लागतो. जाडी अशी का होते, तर हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, गंज असतो त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते आणि फिरताना दर फेरीला एकाच जागी पॅडला चाटत राहते, किंवा कॅलिपर नीट सुटत नाही आणि पॅडचा माल डिस्कवर चिकटत जातो. म्हणजे नुसत्या नवीन डिस्क टाकल्या आणि हब न घासता, कॅलिपर न उघडता गाडी दिली, तर थोड्याच महिन्यांत थरथर परत. डिस्कचा दोष नसतो त्यात.

आता कॅलिपर. खरं काम इथे होतं, आणि मी तिथे स्टुलावर बसून बघितलं सगळं.

ह्या गाडीला चारही चाकांना चार-चार पिस्टनचे (ऑइलच्या दाबाने पॅडला ढकलणारे दट्टे) ॲल्युमिनियमचे फिक्स कॅलिपर आहेत, ब्रेम्बोचे, एकाच तुकड्यातून केलेले. पॅड जिथे सरकतो तिथे दोन्ही बाजूंना स्टेनलेसच्या पातळ पट्ट्या बारीक स्क्रूने बसवलेल्या असतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून, मध्ये मिठाचं पाणी, की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. त्याचा गंज तांबडा नसतो, पांढरी भुकटी असते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. म्हणून ती पट्टीच्या खाली साठत जाते आणि पट्टीला वर उचलते. पट्टी वर आली की पॅडची जागा कमी, पॅड दोन्हीकडून आवळला जातो आणि सरकतच नाही. माझ्या उजव्या कॅलिपरमधला बाहेरचा पॅड हाताने निघाला नाही, लाकडी ठोकळा लावून हातोड्याने बाहेर काढावा लागला. नियमाप्रमाणे तो बोटाने सरकला पाहिजे. बाहेरच्या चकचकीत रंगाकडे बघून कुणाला कळणारही नाही आत काय आहे ते, रंग अगदी व्यवस्थित होता वरून.

पट्ट्यांचे स्क्रू काढणं हा सगळ्यात जिवावरचा भाग. बारीक स्क्रू, गंजून ॲल्युमिनियमला धरून बसलेले, जोर लावला की डोकं तुटतं आणि मग ड्रिल मारून नवीन आटे पाडत बसा. मेस्तने आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलं, दुसऱ्या दिवशी हीट गनने तापवलं, हाताच्या इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने हलका ठोका दिला, पुढे सोडवायच्या आधी किंचित आवळून बघितलं. तरी एक तुटला. तो त्याने शांतपणे ड्रिल करून काढला, आटे परत पाडले, आणि मला बोलावून दाखवला की हा तुटला, असा काढला. लपवलं नाही. पट्टीखालची पांढरी भुकटी खरवडून खालचं ॲल्युमिनियम सपाट केलं, पातळ थर लावला उष्णता सहन करणाऱ्या अँटी-सीझ पेस्टचा, नवीन स्क्रू, आणि मग नवीन पॅड कोरडाच सरकवून बघितला. नुसता बोटाने आत गेला. तेवढं बघून मला गाडी अर्धी बरी झाल्याचं वाटलं खरं.

मग पिस्टन. एका कॅलिपरमध्ये दोन साइझचे पिस्टन असतात, डिस्क फिरत जिथून पॅडखाली शिरते तिथे लहान आणि जिथून बाहेर निघते तिथे मोठा, म्हणजे पॅड सगळीकडून सारखा झिजतो. त्यामुळे उघडताना कुठला कुठून निघाला ते नीट ठेवावं लागतं, त्याने ट्रेमध्ये पेपर घालून प्रत्येकाच्या खाली लिहून ठेवलं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन बाहेर काढतात पण हवा अगदी कमी ठेवायची, मध्ये लाकडाची फळी घालायची आणि बोटं कधीच आत घालायची नाहीत, पिस्टन सुटला की बोट जाईल. चारात जो सैल असतो तो आधी निघतो आणि मग हवा तिथूनच पळते, म्हणून सैल पिस्टनांना क्लॅम्प लावून जाम असलेल्याला आधी काढायचं. उजव्या कॅलिपरच्या बाहेरच्या बाजूचा मोठा पिस्टन तोच होता, ज्याच्यामुळे सगळं रामायण. त्याचं धुळीचं रबर फाटलेलं, आत पाणी गेलेलं. मी म्हटलं पिस्टन मागवावा लागणार आता. त्याने तो पुसला, उजेडात फिरवला, नखाने तपासला आणि म्हणाला, "पिस्टन बरो आसा, खराब झाला ता सील."

हा सील कसा काम करतो ते त्याने दाखवलं तेव्हा मला या अख्ख्या सिस्टीमबद्दल आदर वाटायला लागला. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढायला आत कुठलीही स्प्रिंग नाही. सील चौकोनी कापाचा असतो, खाचेत बसलेला, पिस्टनला घट्ट धरून. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सील ताणलेल्या रबरबँडसारखा पुढे झुकतो, पाय काढला की तो मूळ आकाराला येतो आणि येताना पिस्टनला केसभर मागे आणतो. तेवढं केसभर मागे येणं म्हणजेच ब्रेक सुटणं. सील कडक झाला, किंवा त्याच्या मागच्या खाचेत ती पांढरी भुकटी साठून सील पिस्टनवर आवळला गेला, की पिस्टन मागे येत नाही. माझ्याकडे दोन्ही झालेलं. जुना सील त्याने हातात दिला, वाकवला तर वाकेना, नवीन सहज दुमडत होता.

खाच साफ करायला त्याने बांबूची काडी तासून घेतली होती आणि नायलॉनचा ब्रश. स्क्रूड्रायव्हरचं टोक अजिबात नाही, कारण खाचेत ओरखडा पडला की तिथून ऑइल पाझरणार. आणि धुवायला फक्त ब्रेक क्लीनर आणि शेवटी ताजं ब्रेक ऑइल. हे मोठ्याने सांगायला हवं कारण आपल्याकडे निम्म्या गॅरेजमध्ये सगळं पेट्रोलने नाहीतर डिझेलने धुतात आणि पिस्टन बसवताना हाताशी असेल ते ग्रीस लावतात. ब्रेकचं रबर ईपीडीएम जातीचं असतं, त्याला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस काहीच चालत नाही, फुगतं ते आणि मऊ पडतं. काम झाल्यावर चार दिवस ब्रेक झकास लागतात आणि मग चाकं जाम व्हायला लागतात. ब्रेक ऑइल स्वतः किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस, एवढंच लावायचं. तुमच्या मेस्तकडे लाल ग्रीसची ट्यूब आहे का एवढा एकच प्रश्न विचारलात तरी त्याला कॅलिपरचं काम येतं की नाही ते कळेल.

ब्रेक ऑइलचं थोडं. डबा उघडा ठेवला तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडीत सुद्धा होसच्या रबरातून हळूहळू पाणी शिरतंच. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान 230 अंश आणि पाणी शिरलेलं असताना 155. घाटात सलग ब्रेक मारत उतरलं आणि कॅलिपर तेवढा तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. पोर्शे दोन वर्षांनी बदला म्हणते आणि गोव्यात तर ते दोन वर्षांच्या वर कुणीच नेऊ नये. माझ्या गाडीतून जे निघालं ते गडद चहाच्या रंगाचं. मेस्त फक्त सीलबंद छोटे डबे घेतो, उरलेलं पुढच्या गाडीला वापरत नाही. आणि गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं ते. तो बॉनेटवर आणि फेंडरवर ओला कपडा टाकूनच काम करत होता.

कॅलिपर काढताना त्याने एक युक्ती केली ती मला फार आवडली. पेडल काठीने थोडंसं दाबून सीटला टेकवून ठेवलं. तेवढं दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) वरून ऑइल यायचं तोंड बंद होतं आणि पाइप उघडा असला तरी सगळं ऑइल खाली गळून जात नाही, एबीएसच्या युनिटमध्ये हवा जायची भीती पण कमी. ब्रेक लाइट लागून राहते म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवली. पाइपचे नट साध्या पान्याने नाही तर फ्लेअर नटच्या पान्याने सोडवले, त्यामुळे एकाचेही कोपरे गेले नाहीत.

डिस्क बसवायच्या आधी हब. वायर ब्रश, मग घासायचा खडबडीत पॅड, मग हाताने चाचपून परत घासणं. डिस्कला धरणारे दोन चपट्या डोक्याचे स्क्रू पण गंजलेले, तेही इम्पॅक्टने काढून नवीन टाकले. डिस्क बसवून डायल गेज (डिस्क किती डगमगते ते काट्याने दाखवणारं साधन) लावला आणि हाताने फिरवली, काटा 0.05 मिमीच्या आत हलला पाहिजे असं त्याचं म्हणणं. डाव्या पुढच्याला जास्त दाखवला. मला वाटलं आता म्हणेल चालतं. त्याने डिस्क परत काढली, हब परत घासला, एका भोकाशेजारी गंजाचा कण सापडला नखाएवढा, तो गेल्यावर काटा जाग्यावर आला. हे दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये मी बघितलेलं नाही.

डिस्क मी झिमरमनच्या कोटिंगवाल्या घेतल्या. पॅड घासतो ती जागा पहिल्या फेरीत उघडी होतेच पण मधली टोपी, कडा आणि आतल्या खाचा कोटिंगमुळे लवकर गंजत नाहीत, समुद्राजवळ राहणाऱ्याने कोटिंगशिवाय घेऊच नये असं माझं मत. पॅड टेक्स्टारचे. झिजल्याचा इशारा देणारी सेन्सर वायर प्रत्येक चाकाला असते, ती जुनी असेल तर तापून ठिसूळ झालेली असते, पॅड काढताना हमखास तुटते, म्हणून आधीच मागवून ठेवा.

मागच्या चाकांना हँडब्रेक वेगळा असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मागच्या डिस्कच्या टोपीच्या आत छोटा ड्रम आणि त्यात शू. ते शू आत सैल केल्याशिवाय डिस्क निघत नाही, चाकाच्या बोल्टच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवावं लागतं. न फिरवता ठोकत बसलं की शूच्या क्लिपा जातात. इथे काही विशेष घडलं नाही, शू ठीक होते, घासून परत बसवले, हँडब्रेक ॲडजस्ट केला, झालं.

कॅलिपरचे बोल्ट नवीन आणि 85 न्यूटन मीटरला, चाकाचे बोल्ट 130 ला, दोन्ही टॉर्क रेंचने, एअर गनने नाही. ब्लीडिंग, म्हणजे आपण हवा काढणं म्हणतो ते, प्रेशरच्या डब्याने केलं. पेडल मारून मारून हवा काढली की जुन्या मास्टर सिलिंडरचे आतले रबर कधी न गेलेल्या गंजक्या भागात जाऊन कापले जातात, म्हणून जुन्या गाडीला पेडल तळापर्यंत मारायचं नाही असं तो म्हणाला. आणि ह्या कॅलिपरला हवा काढायचे दोन-दोन निपल असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक, दोन्हीतून काढावं लागतं. एकातूनच काढलं की पेडल स्पंजी राहतं आणि मग लोक मास्टर सिलिंडरला दोष देतात.

नवीन डिस्क-पॅड एकमेकांना बसवायला त्याने मला पहाटे जायला सांगितलं. वेर्ण्याच्या पठारावर, मागेपुढे कुणी नसताना, ऐंशीवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, परत ब्रेक, आणि शेवटी बराच वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करायची. गरम असताना पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा माल एका जागी छापला जातो आणि थरथर तिथूनच सुरू होते. मी तसंच केलं.

आणि मग चोर्ला. साखळीतून वर, सुर्लापर्यंत, चहा, आणि परत केरीकडे उतार. पेडल वरच लागतं आता, पहिल्या इंचात, आणि जेवढं दाबाल तेवढंच, कमी नाही जास्त नाही. स्टेअरिंग शांत. वळणाच्या आधी ब्रेक सोडला की गाडी मोकळी सुटते, हे मी कितीतरी काळ विसरून गेलो होतो की ह्या गाडीचं वळणं असं असतं. चारही डिस्कचं तापमान खाली उतरून मोजलं तर डावी-उजवी जवळजवळ सारखी. इतका आनंद मला गाडी विकत घेतली तेव्हा सुद्धा झाला असेल की नाही सांगता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त गेले डिस्क आणि पॅडना, ते बाहेरून येतात आणि त्यावर ड्युटी आणि कुरिअर. सील किटचे सगळ्यात कमी. म्हणजे ज्या कॅलिपरसाठी मला नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं त्यांना वाचवणारी वस्तू अख्ख्या बिलात सगळ्यात स्वस्त होती. मजुरी मेस्तने जी सांगितली ती मला कमी वाटली, मी जास्त दिले, त्याने ते घ्यायला वेळ लावला.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्याही लिहितो. वेळ लागतो, भरपूर. पार्ट तुम्हालाच मागवावे लागतात, तो फक्त यादी देतो, आणि यादीतली एक वस्तू चुकली की गाडी तशीच स्टँडवर उभी. तो फोन उचलत नाही, संध्याकाळी स्वतः करतो. बसायला त्या एका स्टुलाशिवाय काही नाही. कॅलिपरचा रंग तो करत नाही, खरवडलेल्या जागा तशाच दिसतात, मला चालतं पण ज्याला चकचकीत हवं त्याने रंग दुसरीकडे करून आणावा, सील टाकायच्या आधी. छप्पर पत्र्याचं आहे, पावसाळ्यात कडेने पाणी आत येतं, म्हणून जून ते सप्टेंबर कॅलिपर उघडायचं काम तो घेतच नाही, आणि मला वाटतं बरोबरच करतो.

ज्यांना त्याच्याकडे जायला जमणार नाही त्यांनी आपल्या जवळच्या माणसाला निदान हे विचारावं: डिस्क कशाने मोजणार, हब घासून डायल गेज लावणार का, पट्ट्या काढून खालची भुकटी साफ करणार का, आणि सील कशात भिजवून बसवणार. उत्तरं नीट आली तर गाडी ठेवा. नाही आली तर चावी खिशात घालून निघा.

यूपीआय चालतं, कार्ड नाही. चवथीच्या आसपास गॅरेज बंद असतं, तो गावी जातो. पुढची तपासणी पाऊस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ठरली आहे, चाकं काढून पॅड हाताने सरकतात का बघायचं आणि पट्ट्यांच्या कडेला पांढरं दिसतं का ते बघायचं, एवढंच.